दिवाळीचा आकडा

आमच्या सरांसमोर 'शून्य' म्हणायची सोय नव्हती. प्रयोगशाळेत तर नव्हतीच, बाहेरही नव्हती. कॅन्टीनमध्ये मी एकदा म्हणाले, "सर, आज डाळीत मीठच नाही," तर हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, "मीठ नाही हे तुला कसं कळलं? तुझ्या जिभेला ते लागलं नाही, एवढंच तू सांगू शकतेस." मग माणसाची जीभ कमीत कमी किती मीठ ओळखते, आदल्या घासाला लोणचं खाल्लं असेल तर ते प्रमाण कसं बदलतं, यावर डाळ गार होईपर्यंत बोलले. आणि शेवटी गुपचूप मिठाची बाटली ओढून स्वतःच्या वाटीत मीठ घालून घेतलं. म्हणजे त्यांच्या जिभेलाही लागलं नव्हतंच की!

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. आमचं कॉलेज सुरतेत, भेस्तानच्या अलीकडे. मागच्या भिंतीला लागूनच लूमची खाती. कापड विणायच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. माझे वडीलही अशाच एका खात्यात लूमवर कामाला होते. अमळनेरकडून आलेलं आमचं घर, राहायला डिंडोलीत. सर मूळचे मिरजेचे. नोकरीसाठी सुरतेत आले आणि इथलेच झाले. पण त्यांची मराठी मिरजेतून हलली नव्हती आणि गुजराती अजून सुरतेला पोचली नव्हती. भाजीवालीशी ते इतक्या ठासून चुकीच्या गुजरातीत बोलत की ती बिचारी मुकाट्याने हिंदीत उत्तर देई.

सरांच्या झोळीत कायम एक स्टीलची फूटपट्टी असे. कोणी विचारलं, "तुम्ही संशोधन कशावर करता?" की पट्टी बाहेर. समोर जे टेबल असेल त्याच्या कडेला ती अर्धी बाहेर काढून एका हाताने दाबून धरायची आणि टोकाला टिचकी मारायची. टर्रर्र आवाज येतो. शाळेत या आवाजावरून आपण सगळ्यांनीच मार खाल्लेला आहे. मग सर कणकेची नाहीतर च्युइंगगमची गोळी टोकाला चिकटवत आणि पुन्हा टिचकी मारत. आता आवाज जाडा यायचा. "टोकावर वजन आलं की पट्टी सावकाश हलते. किती सावकाश झाली ते मोजलं की काय वजन चिकटलं ते कळतं. आमचं शास्त्र एवढंच. बाकीची सजावट." हे त्यांनी बँकेच्या काउंटरवर करून दाखवलं आहे, पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर चमच्याने करून दाखवलं आहे, आणि एकदा प्राचार्यांच्या टेबलावर करून दाखवताना त्यांची काच तडकवली आहे.

आमची खरी पट्टी सिलिकॉनची होती आणि केसाच्या जाडीपुढेही बारीक होती. तिच्यावर एक लेप दिलेला. ठरावीक वायूचे कण हवेतून आले की त्या लेपाला चिकटायचे आणि पट्टीची थरथर किंचित मंदावायची. आम्हाला पकडायचा होता तो गटारात आणि सांडपाण्याच्या टाक्यांत तयार होणारा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू. साफसफाईला टाकीत उतरलेली माणसं ज्याने जातात, तोच.

आता अडचण अशी की, टोकावर काहीही चिकटलं नाही तरी ही पट्टी आपला वेग जरा जरा बदलत राहते. संगणकाच्या पडद्यावर तिची रेघ सरळ कधी येत नाही, केसाळ येते. शास्त्रात त्याला नॉइज म्हणतात. सर त्याला गोंगाट म्हणत. सरांचा पहिला नियम होता : आधी गोंगाट मोजायचा. स्वच्छ हवेत, काहीही चिकटलेलं नसताना. मग त्या गोंगाटाच्या तिपटीने रेघ खाली आली, तरच 'वायू आहे' म्हणायचं. त्याहून कमी हलली तर 'दिसला नाही' म्हणायचं. 'नाही' म्हणायचं नाही, 'शून्य' तर मुळीच नाही. ज्या आकड्याच्या खाली आपल्याला काही दिसतच नाही, तो आकडा यंत्रावर ठळक लिहायचा. "चष्म्याच्या दुकानात आपला नंबर सांगायला लाजतं का कोणी?" असं विचारायचे.

या नियमापायी मी महिनोन् महिने नुसती स्वच्छ हवा मोजत बसले होते. घरी आईला शेजारणी विचारायच्या, "तुनी पोर कॉलेजमा काय करस?" आई प्रामाणिकपणे सांगायची, "काहीच नसताना यंत्र काय दाखवतं, ते मोजते." त्यावर शेजारणी आईकडे फार दयेने बघायच्या.

गोंगाट कमी करण्यासाठी सरांनी जे जे केलं त्याला कॉलेजमध्ये वेड म्हणत. खोलीतला पंखा त्यांनी काढून टाकला होता. सुरतेत, मे महिन्यात! चपला दाराबाहेर काढून मांजराच्या पावलांनी आत यायचं. माप चालू असताना शिंकायचं नाही. यंत्र ठेवायला कडाप्प्याची जाडजूड लादी होती आणि ती लादी स्कूटरच्या चार हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवलेली. मागच्या खात्यातले लूम सुरू असले की आमची फरशी त्यांच्या ठोक्यावर सतत हलायची. त्यातली निम्मीशिम्मी हालचाल त्या ट्यूब खाऊन टाकायच्या. बाजारात यासाठी मोठी महागडी टेबलं मिळतात. सरांनी आपलं काम उधन्याच्या एका पंक्चरवाल्याकडून भागवलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. रोज सकाळी सायकलच्या पंपाने ट्यूबमधली हवा सारखी करणं हे माझं काम. माझ्या बरोबरीच्या मुली बेंगळुरूला मोठमोठ्या कंपन्यांत रुजू होत होत्या आणि मी, घरातली पहिली पदवीधर, सकाळी सकाळी पंप मारत होते.

सर आमच्या घरी एकदा जेवायला आले होते. आईने खापरावरची पुरणपोळी केली होती. ती वाढता वाढता तिने संधी साधून विचारलंच, "सर, हिचं लग्न आता करायचं की हे शिक्षण होईपर्यंत थांबायचं?" दुसरा कोणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. सरांनी हात थांबवला आणि नीट विचार केला. म्हणाले, "हे पहा, जास्त वेळ मोजत राहिलं की गोंगाटाची सरासरी होते आणि चूक कमी होते. तेव्हा थांबणं चांगलं. पण फारच थांबलं की खोलीचं तापमान बदलतं, हवेतला दमटपणा वाढतो आणि रेघच सगळी घसरायला लागते. मग कितीही थांबा, चूक वाढतच जाते. तेव्हा थांबायचं, पण घसरण सुरू व्हायच्या आधीपर्यंत." आईने मान डोलावली आणि ते गेल्यावर वडिलांना सांगितलं, "सर म्हनतस, यंदाना उन्हायामा कराले जोयजे." माझं लग्न पुढे तीन उन्हाळ्यांनी झालं ही गोष्ट वेगळी.

दिवाळी आली की सुरतेतली खाती बंद होतात. इथे सगळे त्याला वेकेशन म्हणतात. लूम थांबतात, कापड रंगवायच्या डाइंग मिल थांबतात, आमच्या डिंडोलीतल्या गल्ल्या रिकाम्या होतात, कारण सगळा खानदेश गाठोडी बांधून गावाला गेलेला असतो. सरांची दिवाळी तेव्हा सुरू व्हायची. मागचे लूम थांबले की फरशी थांबायची. त्या वर्षी मी गावाला न जाता त्यांच्याबरोबर माप घ्यायला राहिले. भाऊबीजेला आले नाही म्हणून भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

पण काय रेघ आली म्हणून सांगू! इतकी बारीक रेघ आम्ही कधी पाहिली नव्हती. तरीही ती पुरती सरळ नव्हतीच. बारीकशी लव उरलीच होती. सर तिच्याकडे बघत राहिले, मग फळ्यावर आकडेमोड केली, पुन्हा रेघेकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे लूमचं नाही, रस्त्याचं नाही, आपल्या तारांचंही नाही. हे तिचं स्वतःचं आहे. खोलीत ऊब आहे तोवर पट्टी इतकी थरथरणारच. याच्या खाली आपल्याला कोणी जाऊ देणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तोवर वाटायचं, सर गोंगाटाचा द्वेष करतात. त्या दिवशी कळलं की हा शेवटचा उरलेला गोंगाट गाठायलाच ते एवढी वर्षं बाकीच्या गोंगाटाशी भांडत होते. सरांच्या पत्नी डब्यातून चकल्या घेऊन आल्या होत्या. सरांनी त्या स्वतःच्या हाताने वॉचमनला, मला आणि कॉलेजच्या फाटकाशी झोपलेल्या कुत्र्यालाही वाटल्या.

आणि मग त्यांनी त्यांच्या आयुष्यातली एकमेव बढाई मारली. खिशातला मोबाइल काढून एका मिलच्या मॅनेजरला फोन लावला आणि आपल्या मिरजी हिंदीत त्याला तो आकडा सांगितला. "भाई, इससे कम गॅस किसी टाकी में हो ही नहीं सकता. उतना भी हमको दिखेगा!"

या फोनमागे कारण होतं. कॉलेजला आमची खोली संगणकांसाठी हवी होती. ट्यूबवर लादी ठेवून बसलेला म्हातारा मास्तर आणि पंप मारणारी एक विद्यार्थिनी यांच्यासाठी एवढी मोठी खोली अडवून ठेवणं प्राचार्यांना परवडत नव्हतं. तडकलेल्या काचेचाही राग असेल थोडा. त्यांनी सांगितलं होतं, एखादी मिल तुमच्या यंत्रात रस घेऊन पुढे आली तर खोली तुमची, नाहीतर उन्हाळ्यात रिकामी करा. इच्छापोरकडची एक डाइंग मिल तयार झाली होती. वायू मोजायचा त्यांचा विकतचा मीटर बंद पडून कपाटात पडला होता, आणि सांडपाण्याची टाकी दर वेकेशननंतर साफ करावी लागायची. मॅनेजर म्हणाला होता, मिल उघडेल त्या दिवशी यंत्र घेऊन या, काम झालं तर पुढचं आपण शेठशी बोलू.

लाभपाचम, म्हणजे दिवाळीनंतर धंदे पुन्हा उघडायचा मुहूर्त, उलटली, शहर परत आलं आणि आम्ही रिक्षात यंत्र मांडीवर घेऊन इच्छापोरला गेलो. ती टाकी जमिनीत होती. वर लोखंडी झाकण आणि आत उतरायला शिडी. वेकेशनभर ती बंद होती आणि तळाला गाळ साचला होता. गाळ कुजला की वायू धरतो. रंगाचं नवीन पाणी सोडायच्या आत तो काढायचा होता. काढणारा माणूस फावडं आणि बादली घेऊन आमच्याआधीच तिथे हजर. बघते तर आमचे सुकलाल नाना. डिंडोलीत आमच्या मागच्याच गल्लीत राहणारे, वडिलांच्या गावचे. मला बघून त्यांना आनंद झाला. म्हणाले, "बरं झायं बेटा, तूच शे. लवकर मोजी टाक. आज मनी पोरले दखाले पाव्हना ई राहिनात. दुपारना आत घर जोयजे." त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

सरांनी टाकीच्या काठावर यंत्र मांडलं. आधी बाहेरच्या हवेत माप. मी पडद्याकडे पाहिलं. बॉयलर सुरू झाला होता, पंप धडधडत होते, शेजारच्या खात्यातले लूम पुन्हा चालू झाले होते. आमची दिवाळीतली बारीक रेघ फुगून दोरखंडासारखी झाली होती. लादी नव्हती, ट्यूब नव्हत्या, काही नव्हतं. मग सरांनी नळी टाकीत सोडली. रेघ होती तिथेच राहिली. कदाचित किंचित खाली आली असेल, पण त्या जाडीत ते कोणाच्या बापाला कळलं नसतं.

मॅनेजर वाकून बघत होता. "साहेब, झीरो छे ने?"

"दिसत नाही," सर म्हणाले.

"एटले, मतलब, झीरो."

"नाही. झीरो नाही. दिखता नहीं है."

"साहेब, आदमी खडा है. हा बोलो के ना बोलो."

सर पुन्हा पडद्याकडे वाकले. मॅनेजरने मग तेच काढलं, जे तो काढणार हे मला माहीत होतं. "तमे ज तो फोन पे बोला था. इससे कम गॅस हो ही नहीं सकता, बोला था ना? तो अभी नहीं दिखता मतलब नहीं है. सीधी बात है."

सरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांचाच आकडा, त्यांच्याच तोंडचं वाक्य. आणि एका 'हो'ने खोली वाचणार होती. माझ्या मनात आलं, रेघ तर हलली नाही ना, म्हणून टाका ना 'हो'. सुकलाल नानांनी टाकीवर वाकून हुंगलं आणि तेही म्हणाले, "सर, वास बी नही ये."

त्याने सर एकदम भानावर आले. "नाकावर जाऊ नका नाना. हा वायू जास्त असला की नाक बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला." मग मॅनेजरकडे वळून, सगळ्या कामगारांसमोर, आपल्या मोडक्या हिंदीत सावकाश म्हणाले, "वो आकडा दिवाली का था. तब सब बंद था. आज सब चालू है. आज के गोंगाट में आदमी मर जाए इतना गॅस होगा, तो भी हमारे यंत्र को शायद नहीं दिखेगा. मैंने फोन पे बोला वो गलत बोला. आज हमारा यंत्र यहाँ किसी काम का नहीं है."

मॅनेजर बघतच राहिला. दुकानदाराने स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली त्याने आयुष्यात पाहिली नसावीत. "तो फिर आए क्यूँ?" एवढंच तो म्हणाला आणि त्याने नानांना हाताने खूण केली, उतर. नाना झाकणाकडे निघाले. त्यांना घरची घाई होती.

तेव्हा सरांनी जे केलं ते मिलमध्ये अजून सांगतात म्हणे. त्यांनी ते लोखंडी झाकण ओढून टाकीवर टाकलं आणि इस्त्रीच्या पँटसकट त्यावर फतकल मारून बसले. "ब्लोअर लाओ. अंदर ताजी हवा छोडो, दोपहर तक. बाद में कमर को रस्सी बाँध के उतारो. नहीं तो मैं उठता नहीं." मॅनेजरने समजावलं, आवाज चढवला, शेठला फोन केला. नानांनी हात जोडले. "सर, मना पाव्हना!" सर तसूभर हलले नाहीत. मी तिथे यंत्राची नळी गुंडाळत उभी होते आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. एवढ्या माणसांत आपले गुरुजी गटारावर बसलेत! राग येत होता, रडू येत होतं आणि त्यांना उठवायला जावंसंही वाटत नव्हतं.

शेवटी शेठने फोनवर सांगितलं असावं, पाहुण्या मास्तरला काही व्हायला नको. बॉयलरकडून ब्लोअर आला. दुपारपर्यंत तो टाकीत हवा फुंकत राहिला. नंतर सरांनी पुन्हा नळी सोडली. रेघ तशीच, सकाळइतकीच जाड, सकाळच्याच जागी. मॅनेजर हसला. "क्या फरक पडा, साहेब?"

"माझ्या यंत्राला सांगता येत नाही," सर म्हणाले.

नानांच्या कमरेला दोर बांधला. दोराचं टोक दोन कामगारांनी धरलं आणि सरांनीही धरलं. ताकदीच्या कामात सर कधीच हुशार नव्हते, तरी त्यांनी दोर सोडला नाही, आणि दर थोड्या वेळाने आत वाकून ओरडत राहिले, "नाना, बोलत राहा!" आतून नाना बोलतच होते. काय बोलत होते ते मी इथे लिहू शकत नाही. गाळ निघाला, नाना वर आले, धडधाकट. त्या टाकीत सकाळी वायू होता की नव्हता, हे कोणालाही कधी कळलं नाही. आजही मला ठाऊक नाही.

मिलचा पुन्हा फोन आला नाही. उन्हाळ्यात खोली गेली. तिथे आता मुलं संगणकावर बसतात आणि वर दोन पंखे फिरतात. कडाप्प्याची लादी कॅन्टीनवाल्याने हात धुवायच्या जागेला लावली. माझं यंत्र मी दुसऱ्या विभागाच्या एका कोपऱ्यात नेऊन काम पुरं केलं. प्रबंधात दोन्ही आकडे आहेत. लूम चालू असतानाचा वाईट आकडा पहिला आणि दिवाळीचा त्याच्या खाली, असं सरांनी बजावलं होतं. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी विचारलं, चांगला आकडा खाली का ढकललात? मी म्हणाले, यंत्र वापरायचं ते सगळं चालू असतानाच. ते हसले आणि पुढचं पान उलटलं. सर निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवत राहिले. आता मिरजेला असतात. त्यांनी खोलीबद्दल कधी हळहळ केली नाही, पण त्या फोनची आठवण निघाली की अजून कान लाल होतात.

पण मला सांगायचं ते त्या दिवशी संध्याकाळचं आहे. टाकीतून वर आल्यावर नानांनी तोंडावर पाणी मारलं, दोर सोडून फेकला, घरचा फोन ऐकला आणि सरांवर जे बरसले ते बरसलेच. "तुमनामुये मना दिन वाया गया! पाव्हना उनात नी चालना गयात! आते मी घर काय सांगू? मनी बाई म्हनी, कोठे बसेल व्हतात! तुम्हीच चला नि तुम्हीच सांगा तिले." सरांना अहिराणी निम्मीच कळायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पाहुणे येऊन गेले. घरी बायकोला काय सांगू म्हणतात. तुम्हीच येऊन सांगा म्हणतात." सर म्हणाले, "बरोबर आहे. चला." आणि खरंच रिक्षात बसले. गाळाचा वास येणारे नाना, मधे मी, मांडीवर यंत्र, पलीकडे मागच्या बाजूने मळलेल्या पँटमधले सर, अशी वरात इच्छापोरहून डिंडोलीला आली. वाटभर नाना बोलत होते आणि सर मान हलवत होते.

घरात पाहुण्यांची कपबशी अजून तशीच पडली होती. मुलगी नवी साडी बदलायला आत गेली होती. काकू, म्हणजे नानांची बायको, कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या. पाहुण्यांपुढे घरधनी हजर नव्हता, याहून मोठी नामुष्की कोणती? नाना चपला काढायच्या आतच सुरू झाले, "इचार, इचार ह्या सरले! मी येतच व्हतू, ह्या झाकनवर बशी गयात!" सर उंबऱ्याशीच उभे राहिले. त्यांनी चूक कबूल केली. सकाळी टाकीत वायू असेल की नाही हे यंत्राला कळत नव्हतं, म्हणून यांना उतरू दिलं नाही, म्हणून उशीर झाला, पाहुण्यांना मी स्वतः फोन करतो, असं सगळं एका दमात सांगितलं. सकाळपासून त्यांनी पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. आवाज बसला होता.

काकू ऐकत होत्या. त्या टाक्यांमध्ये काय होतं ते मिलमध्ये काम करणाऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. सरांचं झाल्यावर त्यांनी, पाहुण्या माणसासाठी ठेवणीतली शाळेतली मराठी काढून, सावकाश विचारलं, "सर, हे सकाळीच उतरले असते, तर काय झालं असतं?"

एक धादांत खोटं वाक्य बोलले असते तर सर त्या घरात देव झाले असते. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, सांगा ना, वाचवलं म्हणून सांगा.

"मला सांगता येत नाही, ताई," सर म्हणाले. "कदाचित काहीच झालं नसतं."

"ऐक! काहीच नसतं व्हतं!" नाना ओरडले. "नि हाऊ मानूस—"

"तुम्ही चूप बसा," काकू म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्याच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे, कमरेला दोराचे वळ उठले होते तिकडे.

मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आत वळून मुलीला हाक मारली आणि पाहुण्यांसाठी केलेला स्वयंपाक पहिल्यांदा सरांना वाढायला सांगितला.